पिशवी कुणाच्या हातात?

(शिक्षिकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘शालेय विद्यार्थी आणि पर्यावरण’ असा भलामोठा विषय छापलेला आहे. मी त्यातला एक लहानसा तुकडाच उचलणार आहे. बाजारातून सामान आणायची पिशवी. ही पिशवी मुलांना कशी शिकवायची, एवढंच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी गेली दहा-बारा वर्षं वस्त्यांमधून आणि शाळांमधून काम करते आहे. या काळात कॅरीबॅगवरचे निबंध आणि पोस्टर्स मी ढिगांनी पाहिली. ‘प्लॅस्टिक : शाप की वरदान’ हा विषय आपल्याकडे पाचवीपासून बारावीपर्यंत फिरत असतो. पोस्टरवर रडणारी पृथ्वी असते, एक गाय असते आणि खाली घोषणा असते. मग शाळेची प्रभातफेरी निघते. फेरीच्या पुढे जे फ्लेक्स धरलेलं असतं ते प्लॅस्टिकचंच असतं आणि फेरी संपल्यावर मुलांना जो खाऊ मिळतो तोही प्लॅस्टिकच्या पुडीतून मिळतो. मुलांच्या ते लक्षात येतं, पण बोलत नाहीत. घोषणा पाठ होते, मार्क मिळतात आणि संध्याकाळी तीच मुलं कोथिंबिरीची जुडी कॅरीबॅगमधून घरी आणतात.

यात मुलांचा दोष नाही. पिशवी बनते कशाची, ती घरात कोण आणतं, फेकल्यावर कोण उचलतं, बंदी आली की दंड कुणाला होतो, हे प्रश्न निबंधात कधी येतच नाहीत. हे प्रश्न विचारायला लागलं की जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एक बाई उभी दिसते. भाजी घेणारी बाई, भाजी विकणारी बाई, कचरा वेचणारी बाई, कापूस वेचणारी बाई आणि शाळेच्या प्रकल्पासाठी रात्री उशिरा पिशवी शिवत बसलेली आई. म्हणून हा विषय एकट्या विज्ञानाच्या बाईंचा नाही. तो आपला सगळ्यांचा आहे.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांतून सक्तीचा करण्याचा आदेश दिला. २००३ साली पुन्हा बजावलं. त्यामुळे शिकवायचं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कसं शिकवायचं, हा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आधी पिशवीची ओळख

सुरुवात वस्तू हातात घेऊन करावी. वर्गात तीन-चार प्रकारच्या पिशव्या आणायच्या : भाजीवाल्याकडची पातळ, कुरकुरणारी पिशवी, दुधाची धुतलेली पिशवी, दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी, आणि घरातली जुनी कापडी पिशवी.

पातळ पिशवी पॉलिथिनची असते. पॉलिथिन बनतं इथिलिन वायूपासून आणि इथिलिन मिळतं खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून. म्हणजे मिरच्या बांधून आणण्यासाठी आपण जमिनीच्या पोटातलं तेल वापरतो आणि दहा मिनिटांत ते फेकून देतो. आज आपण वापरतो तशा बंदांच्या पिशवीचं पेटंट स्वीडनमधल्या एका कंपनीने १९६५ साली अमेरिकेत घेतलं. म्हणजे ही वस्तू तुमच्या-माझ्या आईच्या वयाची आहे. हे मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं, कारण त्यांना ती भाकरीइतकी जुनी वाटत असते.

मग मायक्रॉन म्हणजे काय ते सांगायचं. एका मिलिमीटरचा हजारावा भाग. सरकारी नियमांचा इतिहास फळ्यावर लिहिला तर एक शिडीच तयार होते. १९९९ च्या केंद्र सरकारच्या नियमांत किमान जाडी २० मायक्रॉन होती, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२०. मुलं लगेच विचारतात, ‘बाई, जाड पिशवीत तर जास्त प्लॅस्टिक असतं, मग सरकार जाड का करायला सांगतं?’ हा प्रश्न आला की समजावं, तास चांगला चालला आहे. उत्तर असं, की पातळ पिशवी इतकी स्वस्त पडते की दुकानदार ती फुकट देतो आणि इतकी हलकी असते की भंगारात तिला किंमत येत नाही. जाड केली की फुकट देणं परवडत नाही, ती पुन्हा वापरली जाते आणि फेकली तरी वेचणारीला उचलावीशी वाटते. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने जाडीचा हिशेबच सोडला आणि सगळ्याच कॅरीबॅगांवर बंदी घातली. अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली.

पिशवी कुजत नाही हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. शाळा सुरू झाली की जूनमध्ये मैदानाच्या कोपऱ्यात वीतभर खोल खड्डे करायचे. एकात केळीच्या पानाचा तुकडा, एकात वर्तमानपत्र, एकात सुती चिंधी, एकात कॅरीबॅग आणि एकात त्या रंगीत पिशवीचा तुकडा पुरायचा. खुणेला काड्या रोवायच्या. दिवाळीच्या सुट्टीआधी उकरायचे. पान शोधूनही सापडत नाही, कागदाचा लगदा झालेला असतो, चिंधी हातात घेतली की फाटते. कॅरीबॅग मात्र झटकली की वापरता येईल अशी निघते आणि तो रंगीत तुकडाही तसाच निघतो. या खड्ड्याने जे काम होतं ते दहा पोस्टर्सनी होत नाही.

पुराचा धडा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या अतिवृष्टीत राज्यात हजाराहून अधिक माणसं गेली. गटारं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली होती, हे सगळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर लगेच राज्य सरकारने पिशव्यांवर निर्बंध आणले. बांगलादेशात त्याही आधी, १९८८ आणि १९९८ च्या महापुरांच्या अनुभवानंतर, २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी आली होती.

हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा, पण पूर्ण सांगावा. मुंबई बुडाली ती एकट्या पिशव्यांमुळे नाही. पावसाच्या पाण्याचा निचरा करणारी जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. समुद्राला भरती होती. मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलं होतं, खारफुटी तोडली गेली होती. पिशव्यांनी या सगळ्यात भर घातली. हे का सांगायचं? कारण ‘बाईने भाजी पिशवीत आणली म्हणून शहर बुडालं’ असा सोपा निष्कर्ष मुलांच्या डोक्यात बसला, तर नदीचं पात्र आवळणाऱ्यांना कुणी प्रश्न विचारणार नाही. पर्यावरणाच्या शिक्षणातून अपराधी वाटणारी मुलं घडवायची नाहीत, हिशेब मागणारी मुलं घडवायची आहेत.

आपल्या लहान गावांत पूर नसला तरी चूल असते. रॉकेल मिळेनासं झालं तसं ओलं सरपण पेटवायला कॅरीबॅगचा बोळा सर्रास वापरला जातो. गॅसची टाकी कोपऱ्यात असते, पण ती भरून आणायला दर वेळी पैसे नसतात. जळत्या प्लॅस्टिकचा काळा धूर, त्यातली काजळी आणि विषारी वायू सगळ्यांत आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत जातात. त्या पिशव्यांत रेक्झिनसारखा पीव्हीसीचा तुकडा मिसळला असेल तर धूर आणखी घातक होतो. गाईचंही तसंच. उकिरड्यावर शिळ्या अन्नासकट बांधून टाकलेली पिशवी ती अख्खी गिळते. शस्त्रक्रियेत गाईंच्या पोटांतून वीस-तीस किलो प्लॅस्टिक निघाल्याची उदाहरणं आहेत. ज्या घरात एकच गाय आहे, तिथे तिचं दूध आटलं की कुणाच्या हातातला पैसा बंद होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

कचरा उचलणारे हात

आपण मुलांना सांगतो, ‘कचरा कचराकुंडीत टाका.’ मुलांच्या मनात कचऱ्याचा प्रवास तिथेच संपतो. खरं तर तिथून दुसऱ्या कुणाचा तरी कामाचा दिवस सुरू होतो.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांचा पुढाकार आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांचं काम यातून कचरा वेचणाऱ्यांची ही संघटना झाली. या वेचणाऱ्यांत बहुसंख्य बाया, त्याही दलित समाजातल्या. कित्येक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचं काम या बायांनी हक्काने मिळवलं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून कचरावेचक बायांबरोबर काम उभं केलं. आपल्या मुलांना ही नावं माहीत असायला हवीत. पर्यावरणाच्या पुस्तकात झाडं लावणाऱ्यांची नावं असतात, तशी यांचीही असावीत.

मी काम करते त्या गावातल्या एका शाळेत आम्ही एका कचरावेचक मावशींना पाहुण्या म्हणून बोलावलं. खुर्ची दिली, फूल दिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुरुवातीला त्या बोलेनात. मग मुलांनी आणलेल्या पिशव्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, ‘मावशी, यातलं तुम्ही काय उचलाल?’ त्यांचा हात सरळ दुधाच्या पिशवीवर गेला. ही जाड, धुतली की स्वच्छ होते, भंगारवाला घेतो. पातळ पिशवी त्यांनी चिमटीत धरून बाजूला केली. ‘ही उचलायची तर दिवस जाईल आणि हातात काय पडंल?’

मग मुलांनी तो हिशेब केला. एक पिशवी तीन ग्रॅमची धरली तर एक किलो व्हायला तीनशेहून अधिक पिशव्या लागतात. तेवढ्या वेळा वाकायचं, उचलायचं, आतली घाण झटकायची आणि एवढं करून भंगारवाला म्हणणार, ओली आहे, मळकी आहे, चालत नाही. दुधाच्या पिशव्या मुलं एरवी कोपरा कापून फेकत असत. तो कापलेला त्रिकोणी तुकडा वेचता येत नाही, म्हणून पिशवी चिरावी पण तुकडा वेगळा करू नये, ही गोष्ट त्या दिवशी मावशींनी शिकवली. पाठ्यपुस्तकात ती नाही.

तास संपताना एका मुलाने विचारलं, ‘मावशी, तुम्हाला घाण वाटत नाही का?’ वर्ग गप्प झाला. मावशी म्हणाल्या, ‘वाटती की. घाण तुमची असती, हात माझा असतो.’ त्यानंतर मी स्वच्छतेवर वेगळं भाषण दिलं नाही.

काळी पिशवी

आता ज्या विषयावर आपण शाळेत आवाज खाली करतो, तो घेते. औषधाच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागितलं की दुकानदार न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि काळ्या पिशवीत घालतो. मिठाच्या पुड्याला तो असं करत नाही. मुलगी पहिल्यांदा दुकानात जाते, तेव्हा ही काळी पिशवी तिला काहीही न बोलता बरंच काही शिकवते. आपलं शरीर ही लपवायची वस्तू आहे, हे शिकवते.

वापरलेलं पॅडही तसंच काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात जातं. बाहेरून कळत नाही आत काय आहे. वेचणारी बाई, काही विकण्याजोगं असेल म्हणून, पिशवी उघडते. दिवसातून किती वेळा तिचे हात दुसऱ्याच्या रक्ताला लागतात, याचा विचार करा. २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं, की असं पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावं आणि गुंडाळण्यासाठीचं पाकीट उत्पादक कंपन्यांनी पुरवावं. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायांनी ही मागणी लावून धरली. २०१७ मध्ये त्यांनी लोकांना सांगितलं, की पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते आम्हाला उघडून पाहावं लागणार नाही. किती साधा उपाय! आणि तो कुठल्या तज्ज्ञाने नव्हे, ज्यांचे हात त्यात जातात त्या बायांनी सुचवला.

हा ठिपका आठवी-नववीच्या वर्गात शिकवायलाच हवा. मुलांना बाहेर काढून फक्त मुलींना नको. दोघांना एकत्र. एका शाळेत मुख्याध्यापकांनी आधी नकार दिला होता, मग पालक सभेत काही आयांनीच ‘शिकवा’ म्हणून सांगितलं. पहिली पाच मिनिटं खुसखुस झाली. पण वेचणाऱ्या बाईच्या हातांपासून सुरुवात केली की हसू विरतं, हा माझा अनुभव आहे. कचऱ्याचा प्रश्न म्हणून सुरू झालेला तास पाळीच्या लाजेपर्यंत पोहोचतो आणि मुलगे त्यात सहभागी असतात. मुलांनाही घरात बहीण असते, उद्या बायको असेल, मुलगी असेल. कागद आणि लाल पेन त्यांनाही हातात धरता यायला हवं.

कापडी पिशवी कुणी शिवायची?

आता आपल्या आवडत्या उपायाकडे येऊ. ‘कापडी पिशवी वापरा.’ हा उपाय चांगलाच आहे. पण त्याच्याही आत डोकवायला मुलांना शिकवलं पाहिजे.

पहिली गोष्ट, दुकानांतून मिळणारी ती रंगीत, कापडासारखी पिशवी बहुतेक वेळा कापडाची नसतेच. ती पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकची असते. ओळखायची युक्ती सोपी. कडेचा दोरा ओढून पाहायचा. विणलेल्या कापडातून दोरा निघतो, हिच्यातून निघत नाही, नुसती लव सुटते. मुलांना ही परीक्षा फार आवडते. दुसऱ्या दिवशी ती घरातल्या साऱ्या पिशव्या तपासून येतात.

दुसरी गोष्ट, खऱ्या सुती पिशवीचीही किंमत असते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबात, एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. आठवड्याच्या बाजाराला एकदा नेली तर अडीच वर्षं झाली. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात वेगळ्या पिशवीशी तुलना करून ५२ हा आकडा आला, पण इतर सगळे परिणाम धरले तर तो हजारांत गेला. या अभ्यासांनी उघड्यावर पडलेल्या कचऱ्याचा, तुंबलेल्या गटारांचा आणि गाईच्या पोटाचा हिशेब धरलेला नाही. आपल्याकडे तोच मोठा आहे. तरीही त्यातला मुद्दा खरा आहे. कापूस आकाशातून पडत नाही. त्याला खत लागतं, फवारणी लागते, वीज लागते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कापूस वेचायला बाया वाकतात आणि मजुरी किलोवर मिळते. म्हणून प्रत्येक समारंभात नव्या कोऱ्या कापडी पिशव्या वाटणं आणि त्यावर पाहुण्यांचं नाव छापणं, हा पर्यावरणाचा कार्यक्रम नव्हे, तो चंगळवादाचाच सुती अवतार आहे. घरात असलेली पिशवी फाटेपर्यंत वापरणं आणि नवी हवी तर जुन्या साडीची, चादरीची, पॅंटच्या पायाची शिवणं, हे खरं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. शिवायची कुणी? शाळेने ‘सोमवारी प्रत्येकाने कापडी पिशवी करून आणावी’ असं सांगितलं, की रविवारी रात्री कोण शिवतं? दिवसभर मजुरी किंवा नोकरी करून, स्वयंपाक उरकून, आई. पूर्वी घरात प्लॅस्टिक नव्हतं, हे आपण अभिमानाने सांगतो. तेलाला बाटली नेली जायची, दळणाला डबा असायचा, बाजाराला तरटाची पिशवी असायची, जेवायला पत्रावळी असायच्या. पण ती बाटली घासायची कोण, पिशवी धुवायची कोण, पत्रावळी लावायचं कोण? कॅरीबॅग घरात शिरली ती काही अंशी बाईच्या अंगावरचं हे काम थोडं हलकं करत शिरली. तिला बाहेर काढताना ते काम पुन्हा गुपचूप बाईच्याच अंगावर टाकलं, तर पर्यावरण वाचेल पण न्याय झाला असं म्हणता येणार नाही.

म्हणून पिशवी वर्गात शिवायची. मुलग्यांनी आणि मुलींनी, सुईदोऱ्याने, कार्यानुभवाच्या तासाला. दोन सरळ शिवणी आणि दोन बंद, एवढंच तर असतं. धावदोरा कुणालाही येतो. एका शाळेत सातवीच्या मुलग्यांनी सुरुवातीला ‘हे पोरींचं काम’ म्हणून नाकं मुरडली. गावातल्या शिंपीकाकांना बोलावलं, ते पुरुषच. मग तो मुद्दा आपोआप निकालात निघाला. पिशवी शिवून झाली की पुढचा नियम असा, की घरातली पिशवी आठवणीने न्यायची, धुवायची, वाळत घालायची ही जबाबदारी वर्षभर त्या मुलाची किंवा मुलीची. आईची नाही.

दंड कुणाला?

वरच्या वर्गातल्या मुलांना कायदाही शिकवावा. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. मॉल आणि मोठ्या दुकानांना तो आकडा सोसतो. टोपलीत चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईला पाच हजार म्हणजे काय, याचा हिशेब मुलांना बाजारात जाऊन करू द्या.

आम्ही नववीच्या मुलांना आठवडी बाजारात नेलं होतं. भाजीवाल्या मावशींना विचारायला तीनच प्रश्न दिले होते : पिशव्या कुठून घेता, किती पैसे जातात, आणि दिल्या नाहीत तर काय होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच. ‘गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडं जातं.’ मासेवालीने आणखी वेगळं सांगितलं. ओले मासे कापडी पिशवीत कोण नेणार? डबा आणला तर तिला सोयीचंच, पण कामावरून परस्पर येणारं गिऱ्हाईक डबा कुठून आणणार? वर्गात परत आल्यावर मुलांची चर्चा घोषणांपलीकडे गेली. पिशवी देणारी बाई दोषी की मागणारा गिऱ्हाईक? बंदी असूनही पिशव्यांचा गठ्ठा बाजारात येतो, म्हणजे कारखान्यातून निघतोच, मग तिथे कोण जातं? आणि कारखाना बंद झाला तर तिथल्या कामगारांचं काय? या प्रश्नांना तयार उत्तरं नाहीत. पण कायदा वरून खाली येताना कुठे जड होतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना समजतं. त्यांच्या घरांतल्या कित्येक आया त्याच बाजारात बसतात.

त्या मुलांनी शेवटी ग्रामपंचायतीला एक अर्ज दिला. बाजाराच्या तोंडाशी कापडी पिशव्यांचं एक दुकान असावं, बचत गटाने ते चालवावं, पिशवी ठेव घेऊन द्यावी आणि परत आणली की पैसे परत. अर्ज अजून पंचायतीत पडून आहे. मुलं दर महिन्याला विचारायला जातात. मला हेही शिक्षणच वाटतं.

उद्यापासून काय करता येईल

शिबिरातून परत जाताना हातात काही असावं, म्हणून थोडक्यात सांगते.

एक आठवडाभर प्रत्येक मुलाने घरात आलेल्या पिशव्या मोजाव्यात, पण त्यासोबत दोन रकाने ठेवावेत : कुणी आणली, कुणी टाकली. दिवसाला दोन पिशव्या धरल्या तर एका घराच्या वर्षाला ७३० होतात आणि चाळीस मुलांच्या वर्गाच्या २९,२००. हा गुणाकार फळ्यावर मुलांनीच करावा. जूनमध्ये खड्डे पुरावेत. दोऱ्याची परीक्षा घ्यावी. वर्गात पिशवी शिवावी, आणि तिच्या आतल्या बाजूला प्रत्येक वापराची एक छोटी टाक्याची खूण करावी. वर्षाअखेर कुणाच्या पिशवीवर जास्त खुणा, ते पाहावं. नवी सुंदर पिशवी करणाऱ्याला बक्षीस नको, जुनी सगळ्यांत जास्त वापरणाऱ्याला द्यावं. कचरावेचक मावशींना पाहुण्या म्हणून बोलवावं आणि त्यांचा त्या दिवशीचा रोज बुडेल तो शाळेने द्यावा. लाल ठिपका मुलग्या-मुलींना एकत्र शिकवावा. शाळेच्या स्वच्छतागृहात कागद आणि झाकणाचा डबा ठेवावा. प्रभातफेरी काढायचीच असेल तर फलक जुन्या चादरीवर रंगवावा.

यातलं काहीही खर्चाचं नाही. बहुतेक उपक्रमांना आहेत तेच तास पुरतात. लागते ती एवढीच तयारी, की मुलांनी अवघड प्रश्न विचारला तर त्याला उद्धटपणा समजायचं नाही.

मैत्रिणींनो, पर्यावरण वाचवायचं असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणाच्या कष्टावर वाचवायचं, हा प्रश्न बाईनेच विचारायचा असतो, कारण दुसरं कुणी विचारत नाही. आपल्या वर्गातली मुलं उद्या बाजारात पिशवी घेऊन उभी राहतील. त्यांच्यातला मुलगा पिशवी घरून आठवणीने आणेल, भाजीवालीशी घासाघीस करताना तिच्या दिवसाचा हिशेब मनात धरेल, आणि घरी जाऊन ती पिशवी स्वतः धुऊन दोरीवर टाकेल, एवढं झालं तर आपण पर्यावरण शिकवलं असं मी म्हणेन.

तुमच्या शाळांत यातलं काय जमलं, काय जमलं नाही, ते पुढच्या शिबिरात ऐकायला मी येईन. जमलं नाही ते आधी सांगा. त्यातूनच पुढचं सुचतं.